सत्त्यांचा सेट फोल्ड केला आणि मग इक्विलॅब उतरवलं, तीन आठवडे वापरून झालेलं मत

सरळ सांगतो, इक्विलॅब हे पोकरमधे जिंकायची शक्यता किती टक्के ते काढून देणारं सॉफ्टवेअर मी एका डावासाठी उतरवलं. तो डाव डोक्यातून जात नव्हता म्हणून.

आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात दर शनिवारी रात्री पाच-सहाजण बसतो, टेक्सस होल्डेम (पोकरचा प्रकार, हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच), पैसे अजिबात नाहीत, प्रत्येकाला २००० चिप्स आणि ज्याच्या आधी संपतील त्याने रविवारी सकाळी सगळ्यांसाठी पोहे-जलेबी आणायची एवढंच. सगळे घरात मेंढीकोट आणि बदाम सात खेळत मोठे झालेले, त्यामुळे पडलेले पत्ते लक्षात ठेवणं कोणाला शिकवावं लागत नाही, पण पोकरमधे न दिसलेल्या पत्त्यांचा हिशोब करायचा असतो आणि ती सवय वेगळी आहे हे मला फार उशिरा कळलं.

तर तो डाव. ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधीच दोघांनी लावायच्या चिप्स) १०-२०, मी डीलरच्या जागी, हातात चौकट सत्ती आणि किलवर सत्ती. मी ६० केले, बिग ब्लाइंडवर आमचे काका (बँकेतून रिटायर झालेत, चिप्स पण दहा-दहाच्या थप्प्या करून ठेवतात), त्यांनी कॉल केलं (तेवढेच लावले), बाकी गेले, पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, १३०. फ्लॉप, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते, आला इस्पिक राजा, इस्पिक सत्ती, बदाम चौकी. तीन सत्त्या लागल्या, म्हणजे सेट! काका चेक (काही न लावता पुढे), मी ८०, कॉल. टर्नला (चौथा पत्ता) चौकट दुर्री, काका परत चेक, मी २००, परत कॉल, पॉट झाला ६९०. रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) इस्पिक नव्वी. टेबलावर तीन इस्पिक झाले, म्हणजे हातात दोन इस्पिक असतील त्याचा फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते), आणि तो सेटला हरवतो. काका चेक, मी ३५० लावले, आणि काकांनी सगळ्या थप्प्या दोन्ही तळव्यांनी सरळ केल्या, एक पण चिप पडू न देता, आणि पुढे सरकवल्या. १६६०, ऑल-इन.

मला अजून १३१० टाकायचे होते, टाकल्यावर पॉट होणार ४०१०, म्हणजे १३१० भागिले ४०१०, साधारण ३३ टक्के. तीनातून एकदा जरी मी पुढे असलो तरी कॉल बरोबर. दोन मिनिटं बसलो आणि सत्त्या उघड्या करून टाकून दिल्या. शेजारचा मित्र ओरडलाच, अरे भिया सेट कोण फेकतं! काकांनी आपले पत्ते न दाखवता गड्डीत सरकवले, आणि मी घरी येऊन दीड वाजेपर्यंत जागा.

दुसऱ्या दिवशी इक्विलॅब घेतलं. पोकरस्ट्रॅटेजीवाल्यांचं आहे, फुकट आहे, विंडोजवर चालतं. हे पैसे लावून खेळायचं ॲप नाही, तसल्या ऑनलाइन मनी गेम्सवर ऑगस्ट २०२५ मधे कायद्याने बंदी आलीच आहे, हे नुसतं गणिताचं यंत्र आहे. उघडलं की १३ बाय १३ चा चौकोन येतो, १६९ खाने, सुरुवातीच्या दोन पत्त्यांच्या सगळ्या जाती, जोडीच्या खान्यात ६ कॉम्बो (नेमक्या दोन पत्त्यांचे संच), एकाच रंगाच्या खान्यात ४, वेगळ्या रंगाच्या खान्यात १२, सगळे मिळून १३२६. तुम्ही आपले पत्ते भरायचे, टेबलावरचे भरायचे, समोरच्याकडे काय काय असू शकतं ते खाने निवडायचे, ते टक्के काढून देतं. एक काळजी घ्या, फ्लश मोजताना एक्का-राणी एकाच रंगाचा पूर्ण खाना निवडला तर चारही रंग आत येतात आणि तुमची टक्केवारी उगाच फुगते, फक्त इस्पिकचा वेगळा निवडावा लागतो. माझी पहिली संध्याकाळ त्यातच गेली.

मग नीट भरलं. काका ज्या इस्पिक जोड्यांनी शेवटपर्यंत येतील त्या मी धरल्या १६, एक्क्यासोबतच्या नऊ आणि राणी-गुलाम, गुलाम-दश्शी, छक्की-पंजी असल्या सात. मी ज्यांच्या पुढे आहे ते पत्ते धरले १२: चौक्यांचा सेट ३, दुर्ऱ्यांचा सेट ३, आणि एकाच रंगातले राजा-नव्वी ३, राजा-चौकी २, राजा-सत्ती १. उत्तर आलं ४३ टक्के. म्हणजे कॉल करायला हवा होता. खूप वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग तिथून पुढे सुरू होतो. त्याला फक्त पत्ते कळतात, कोणी कधी चेक केलं, कधी रेज केलं (वाढवून लावलं) यातलं काही कळत नाही. ते तुम्हालाच एकेक खाना उचलून विचारायचं असतं. चौक्यांचा सेट लागला असता तर काका फ्लॉपवर दोन इस्पिक दिसत असताना गप्प बसले असते का? नसते, तिथेच रेज आला असता, दुर्ऱ्यांचा टर्नला आला असता. राजा-चौकी, राजा-सत्ती यांचंही तेच. आणि यातलं काही असलंच तर तिसरं इस्पिक पडल्यावर त्यांनी सगळं पुढे केलं असतं का? मी हे ९ कॉम्बो काढले. राजा-नव्वीच्या दोन जोड्या रिव्हरलाच लागतात म्हणून तेवढे ३ ठेवले. उत्तर १६ टक्के.

त्याच पत्त्यांवर एकदा ४३ आणि एकदा १६! यंत्र दोन्ही वेळा बरोबर होतं. ३३ टक्क्यांसाठी १६ फ्लशसमोर मला किमान ८ असे कॉम्बो हवे होते ज्यांना मी हरवतो, आणि ते ८ मी कितीही ओढून आणले तरी जमत नव्हते. नुसती थाप असेल म्हणावं तर १०४० च्या पॉटसाठी १६६० टाकायचे म्हणजे ती थाप शंभरातून ६२ वेळा तरी चालायला हवी, आणि दीड वर्षात काकांनी रिव्हरला ऑल-इन करून दाखवलेले पत्ते मला आठवतात ते सगळे भक्कम होते.

अजून एक गोष्ट इथे बघून डोक्यात बसली. माझ्या हातात एकही इस्पिक नव्हतं, म्हणजे काकांचा एकही फ्लश मी अडवत नव्हतो. माझ्याकडे इस्पिक एक्का असता तर १६ पैकी ९ तिथेच गळाले असते, उरले ७. म्हणजे आपले पत्ते किती मोठे आहेत याच्याइतकंच समोरच्याचे कुठले पत्ते आपल्याकडे अडकलेत हे पण बघायचं.

उणीव एकच म्हणेन, हे सॉल्व्हर नाही, किती लावावं, कधी लावावं हे सांगत नाही, आणि समोरचा माणूस ओळखीचा नसेल तर तुम्ही भरलेली रेंज (त्याच्याकडे असू शकणाऱ्या पत्त्यांची यादी) म्हणजे अंदाजच. डाव चालू असताना उघडायचं पण नाही, ती सरळ लबाडी झाली. घरी बसून जुने डाव तपासायला मात्र फुकटात याच्यापेक्षा चांगलं मी वापरलेलं नाही, पाचपैकी साडेचार.

गेल्या शनिवारी खेळ सुरू व्हायच्या आधी लॅपटॉप काकांसमोरच ठेवला, म्हटलं काका बघा तुमच्याकडे हे धरलं होतं. त्या दिवशी काय होतं ते त्यांनी तरी पण सांगितलं नाही. चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि इस्पिक दश्शी-अठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, हे कशाला ठेवलंस रे, हे तर मी पहिल्यालाच टाकून देतो. तो एक काढला. फ्लश उरले १५, माझे झाले १७ टक्के.