‘सफर’ : हवेचा अंदाज सांगणाऱ्या सेवेविषयी

दम्याचा त्रास असलेल्या आईला सकाळी फिरायला केव्हा न्यावे, हे ठरवण्यासाठी मी गेली काही वर्षे ‘सफर’ ही हवेतील प्रदूषणाचा अंदाज देणारी सेवा नियमितपणे वापरत आहे. पुण्यात पाषाण येथे असलेल्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने ती २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने सुरू केली. पुढे २०१३ मध्ये ती पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत आली.

या सेवेचे खरे बळ, माझ्या मते, तिच्यामागील संशोधनात आहे. तिची उभारणी करणारे डॉ. गुफ्रान बेग त्यापूर्वी जमिनीपासून ५० ते १०० किलोमीटर उंचीवरील वातावरणाच्या तापमानात दीर्घकाळात होणारे बदल अभ्यासत होते; त्या विषयावरील त्यांचा आढावा-लेख २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. इतक्या उंचीवरचा हा अभ्यासक पुढे शहरातील चौक, चुली, बांधकामे आणि कचऱ्याच्या धुराकडे वळला. कोणत्या भागातून किती प्रदूषक बाहेर पडतात याची मोजदाद शहराचे लहान लहान चौरस पाडून केली जाते, आणि ती वारा व तापमानाच्या संगणकीय प्रारूपात घातली की पुढील १ ते ३ दिवसांचा अंदाज हाती येतो. केवळ मोजणी यंत्रे बसवून ‘उद्या काय होईल’ हे सांगता आले नसते.

पुण्यात हिवाळ्यात हा अंदाज विशेष उपयोगी पडतो. रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि ऊन चढेपर्यंत धूर खालीच कोंडून राहतो. त्यामुळे पहाटेची हवा शुद्ध असते हा आपल्याकडचा जुना समज निदान डिसेंबर-जानेवारीत तरी सोडावा लागतो. घरी मी हवेतील कण मोजणारे एक स्वस्त यंत्रही घेऊन पाहिले. दमट, धुकट सकाळी त्याचा आकडा एकदम चढत असे, कारण ओलाव्याने फुगलेले कण अशा यंत्राला अधिक मोठे भासतात. ते मी आता कपाटात ठेवले आहे.

नव्या वापरकर्त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. शहरातील मोजणी केंद्रे मोजकीच आहेत, त्यामुळे आपल्या गल्लीतील कचऱ्याची आग त्या आकड्यात दिसेलच असे नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हवेच्या गुणवत्तेच्या राष्ट्रीय निर्देशांकातील ‘समाधानकारक’ या श्रेणीत पीएम २.५ कणांचे (२.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान सूक्ष्मकणांचे) २४ तासांचे प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असू शकते, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा १५ आहे. दमेकऱ्यांच्या घरी म्हणूनच या शब्दावर विसंबू नये, पीएम २.५ चा प्रत्यक्ष आकडा पाहावा. आमच्याकडे हिवाळ्यात तो पाहूनच, आणि सकाळी दहा वाजल्यानंतरच, आई चपला घालते.