खाजनकाठच्या चिकणमातीसाठी गोणीतला चुना: कुठे चालतो, कुठे वाया जातो

गोव्यातल्या मेरशी, चोडण, दिवाडी अशा गावांत खाजनाच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या) काठाने जुनी वाट पक्की करायची म्हटलं की खाली बहुधा ओली चिकणमाती लागते. रोलर फिरवला तर ती दबत नाही, नुसती हलते. अशा मातीला 25 किलोच्या गोणीतला विरवलेला (पाणी मारून भुकटी केलेला) चुना चांगला लागू पडतो. मात्र तो सगळ्या मातींसाठी नाही.

आधी मातीची प्रयोगशाळेत तपासणी करा. प्लास्टिसिटी इंडेक्स (माती किती चिकण आहे ते सांगणारा आकडा) 10च्या वर असेल तरच चुना घ्या. चिऱ्याच्या (जांभ्याच्या) तांबड्या, खडेदार मातीत चिकण कमी असते, तिथे सिमेंट बरं. कुजका वास येणाऱ्या काळ्या गाळावर तर चुना टाकूच नका. त्यातले सेंद्रिय पदार्थ चुना खाऊन टाकतात, आणि सल्फेट जास्त असलं तर थर नंतर फुगतो. तो गाळ काढून मुरूम भरलेलाच परवडतो.

खरी तक्रार गोणीबद्दल आहे. आत प्लास्टिकचं अस्तर नसेल तर दमट हवेत चुना हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. अर्ध्या वाटी व्हिनेगरमध्ये चिमूटभर चुना टाका. भरपूर फसफसला तर माल परत करा. शुद्धता कॅल्शियम ऑक्साइडच्या हिशोबाने किमान 70 टक्के हवी; तसा चाचणी अहवाल मागा. अहवालाशिवाय सफेदीचा चुना रस्त्याला घेऊ नये.

प्रमाण साधारण 3 ते 5 टक्के, कोरड्या मातीच्या वजनावर. 25 सेंटिमीटर थर आणि घनमीटरला 1500 किलो धरले तर 4 टक्क्यांनी चौरस मीटरला 15 किलो चुना लागतो. 10 मीटर लांब, 3 मीटर रुंद वाटेला 18 गोण्या.

चुना टाकला की माती सुकेल, हा मोठा गैरसमज आहे. ओलावा 35 टक्के आणि रोलिंगला 20 टक्के हवा असेल, तर चौरस मीटरमागे 56 किलो पाणी घालवायचं असतं. विरवलेला चुना त्यातलं फारच थोडं कमी करतो; कळीचा (न विरवलेला) चुना थोडं जास्त घालवतो, पण तोही सगळं नाही. बाकीचं काम उन्हाचं आणि माती परतण्याचं. चुन्याने चिकटपणा जातो, माती भुसभुशीत होते आणि थोड्या जास्त ओलाव्यातही दबते. फायदा तोच.

रोटाव्हेटरने ढेकळं फोडा, एकही 26 मिलिमीटरपेक्षा मोठं राहू नये. माती फारच चिकट असेल तर अर्धा चुना आदल्या दिवशी मिसळून ठेवा. उरलेला मिसळला की तीन तासांत रोलिंग संपवा. कडेला खणून फिनॉल्फथॅलीन (चुना लागला की गुलाबी होणारं रसायन) शिंपडा. जिथे गुलाबी रंग येत नाही, तिथे चुना पोचलेला नाही. डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच, घामावर चुना भाजतो. नंतर सात दिवस थर ओला ठेवून वाहनं बंद ठेवा आणि जूनच्या आत वर खडीचा थर व डांबर पडू द्या. उघडा राहिलेला थर पहिल्याच मोठ्या पावसात सोलला जातो.