सेल्टा, टीकेटी, डेल्टा की शाळेतलाच पाठ-अभ्यास? उच्च माध्यमिक इंग्रजीच्या शिक्षकांसाठी

"कोणता कोर्स करू?" असं इंग्रजीचे शिक्षक विचारतात तेव्हा मी आधी उलट विचारते, की वर्गात नेमकं अडतं कुठे? मुलं तोंड उघडत नाहीत? निबंधात एका परिच्छेदाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही? की कवितेच्या तासाला तुम्हीच बोलत राहता आणि मुलं अर्थ उतरवून घेतात? बरीचशी निवड या उत्तरातच होते. उरलेली दुसऱ्या प्रश्नावर, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो: त्या प्रशिक्षणात तुम्हाला शिकवताना कोणी बघणार आहे का?

या कसोटीवर टीकेटी (टीचिंग नॉलेज टेस्ट) आणि सेल्टा (इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र) शेजारी ठेवा. दोन्ही केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचीच, पण जात वेगळी. टीकेटी ही निव्वळ परीक्षा. तिचे मुख्य भाग तीन, प्रत्येकात 80 प्रश्न, 80 मिनिटं, उत्तर दिलेल्या पर्यायांतून निवडायचं. पास-नापास नाही, 1 ते 4 पैकी बँड मिळतो. एकही पाठ घ्यावा लागत नाही. म्हणून तिला कमी लेखू नका. वर्षानुवर्षं अनुभवाच्या जोरावर शिकवणाऱ्याला आपण जे करतो त्याला नाव आहे हे इथे कळतं, आणि नाव कळलं की त्या विषयावरचं वाचन सुरू करता येतं. पण वर्गातली सवय तिने बदलत नाही.

सवय बदलते सेल्टाने. किमान 120 तासांचा कोर्स, पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवडे. त्यात 6 तास प्रत्यक्ष शिकवायचं, तेही प्रशिक्षक मागे बसून टिपणं घेत असताना. शिवाय अनुभवी शिक्षकांचे तास पाहायचे आणि चार लेखी असाइनमेंट द्यायच्या. पाठ झाला की त्यावर सगळ्यांसमोर चर्चा होते. ती सोसायला जड जाते, पण खरं शिकणं तिथेच होतं. एक उदाहरण देते. 'ही स्टॉप्ड टू टॉक' आणि 'ही स्टॉप्ड टॉकिंग' यांतला फरक फळ्यावर समजावला आणि "समजलं का?" विचारलं, तर अख्खा वर्ग "हो" म्हणतो. त्याऐवजी "पहिल्या वाक्यात तो थांबल्यावर बोलला की गप्प झाला?" असं विचारून पाहा. कोणाला कळलं आणि कोण नुसती मान हलवत होतं, ते लगेच उघडं पडतं. हे पुस्तकात वाचून माहीत असतं. कोणीतरी मागे बसून "तुम्ही आज सात वेळा ‘समजलं का’ म्हणालात" असं सांगितलं की मगच ती सवय सुटते.

ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्ट टेसॉल हा कोर्स याच तोडीचा, किमान 130 तासांचा, सराव पाठ तितकेच. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते: प्रशिक्षणार्थींना काही तास एक पूर्ण अनोळखी भाषा शिकवली जाते आणि तो अनुभव लिहून काढावा लागतो. आपल्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला रोज काय वाटतं, ते त्या चार तासांत कळतं.

दोन्हींची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. हे कोर्स मुख्यतः प्रौढांच्या छोट्या गटांसमोर घडले आहेत. तुमच्यासमोर पंधरा ते अठरा वर्षांची मुलं, भरगच्च वर्ग, नेमलेलं पाठ्यपुस्तक आणि वर्षअखेरीची परीक्षा. सूचना नेमक्या देणं, जोड्यांत काम लावणं, स्वतःचं बोलणं कमी करणं, हे सगळं जसंच्या तसं वर्गात नेता येतं. कथा-कविता शिकवणं, लांब निबंध लिहून घेणं, वह्यांचा गठ्ठा तपासताना मुलाला उपयोगी पडेल असा शेरा लिहिणं, याबद्दल मात्र तिथे फारसं हाती लागत नाही.

ही उणीव काही प्रमाणात डेल्टा (केंब्रिजचाच, सेल्टाच्या वरच्या पायरीचा डिप्लोमा) भरून काढतो, पण तो अनुभवी शिक्षकांनीच करावा. त्याचे तीन मॉड्यूल कुठल्याही क्रमाने करता येतात. पहिला लेखी परीक्षेचा. दुसऱ्यात चार पाठांचं मूल्यमापन होतं, त्यांतला एक बाहेरून आलेला परीक्षक पाहतो. तिसऱ्यात 4,000 ते 4,500 शब्दांचा प्रकल्प: एखादा विद्यार्थीगट निवडायचा, त्याच्या गरजा तपासायच्या आणि त्यावरून अभ्यासक्रम आखायचा. परीक्षेच्या वर्गांना शिकवणं हा विषय इथे घेता येतो, म्हणजे तुमचाच वर्ग प्रकल्प होतो.

इंग्रजी अध्यापनातल्या एम.ए.बद्दल थोडक्यात: अभ्यासक्रम समितीवर जायचं असेल, संशोधन करायचं असेल किंवा पुढे शिक्षकांना घडवायचं असेल, तर घ्या. उद्याचा तास सुधारायला तो लांबचा रस्ता आहे.

आता जिला प्रमाणपत्र मिळत नाही ती वाट. जपानी शाळांत रुजलेला पाठ-अभ्यास असा चालतो: तीन-चार शिक्षक मिळून एका पाठाचं टाचण करतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांवर नजर ठेवतात. शिक्षकावर नाही. कोणतं मूल कुठे थांबलं, कोणी शेजाऱ्याचं पाहून लिहिलं, हे टिपतात. मग पाठ दुरुस्त होतो आणि दुसऱ्या वर्गावर पुन्हा घेतला जातो. इथे तुमचीच मुलं, तुमचंच पाठ्यपुस्तक, तुमचीच परीक्षा. अडचणी दोन. वेळापत्रकात मोकळा तास काढून देणारे मुख्याध्यापक हवेत. आणि गटातल्या सगळ्यांचाच एखादा समज चुकीचा असेल, तर तो पकडणारा कोणी नसतो.

माझा कौल असा. नोकरीला दोन-तीन वर्षं झाली असतील तर सेल्टा किंवा ट्रिनिटी. दहा वर्षं उलटली असतील आणि रजा मिळत नसेल तर सहकाऱ्यांबरोबर पाठ-अभ्यास सुरू करा, आणि बाहेरची नजर मिळावी म्हणून जोडीला डेल्टाचा दुसरा मॉड्यूल घ्या. पैसे भरण्याआधी संस्थेला तीन गोष्टी विचारा: माझे किती पाठ पाहिले जाणार, अभिप्राय लेखी मिळणार का, आणि सरावासाठी समोर बसणारे विद्यार्थी कोणत्या वयाचे असणार.