पिंग जी४२५ की जी४३०: सेव्हन आयर्न मारून ठरवू नका, वेज मोजा

गोल्फचे क्लब बनवणाऱ्या पिंगचा जी४४० हा आयर्नचा (हिरवळीवरून मारायच्या लोखंडी क्लबांचा) सेट जानेवारी २०२५ मध्ये आला आणि त्याआधीचे दोन सेट आवाक्यात आले: २०२१ चा जी४२५ आणि २०२३ चा जी४३०. पंधरा ते अठ्ठावीस हँडिकॅपच्या (हा आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा) खेळाडूला दोन्ही शोभतात. दोन्हींची हेड १७-४ जातीच्या स्टेनलेस स्टीलची, ओतीव. मागची बाजू खोलगट, सोल (हेडचा तळ) रुंद, टो-च्या (हेडच्या दांडीपासून दूरच्या बाजूच्या) टोकाला आणि शाफ्टच्या (दांडीच्या) खालच्या टोकाशी वजन. चेहरेपट्टीही बरीचशी सारखी. म्हणून दुकानात दोन्हींच्या सेव्हन आयर्नने (सात नंबरच्या क्लबने) चार-चार बॉल मारले जातात, जी४३० चा बॉल थोडा पुढे पडतो आणि सौदा होतो. गफलत इथेच होते. सेव्हन आयर्नमध्ये या दोन सेटांत लॉफ्टचा, म्हणजे फेसच्या तिरकेपणाचा, जेमतेम एका अंशाचा फरक आहे. खरा फरक बॅगेच्या खालच्या टोकाला आहे, आणि तिथले क्लब दुकानात कोणी मारून बघत नाही.

लॉफ्ट शेजारी-शेजारी ठेवू.

जी४२५: सेव्हन आयर्न ३०, पीडब्ल्यू (पिचिंग वेज) ४४.५, त्यापुढच्या वेज (जवळच्या, उंच फटक्यांचे क्लब) ४९.५, ५४ आणि ५८ अंश.
जी४३०: सेव्हन आयर्न २९, पीडब्ल्यू ४१, त्यापुढच्या वेज ४५.५, ५०, ५४ आणि ५८ अंश.

जी४२५ मध्ये सेव्हनपासून पीडब्ल्यूपर्यंत तीन पायऱ्यांत साडेचौदा अंश उतरतात, जी४३० मध्ये बाराच. म्हणजे जी४३० च्या पीडब्ल्यूवर 'पी' कोरलेलं असलं तरी जुन्या हिशेबाने ते नऊ नंबरच्या आयर्नच्या जवळचं आहे. आपण ज्याला पीडब्ल्यू म्हणून ओळखतो, ती जी४३० मधली ४५.५ अंशांची वेज. ती सेटबरोबर घेतली नाही तर काय होतं ते बघा. बॅगेत आधीपासून ५२ अंशांची एक वेज आहे असं धरू. ४१ आणि ५२ मध्ये अकरा अंशांची दरी. मध्यम वेगाच्या स्विंगला एका अंशामागे साधारण अडीच यार्ड धरले तरी ही दरी पंचवीस-तीस यार्डांची. पूर्ण पीडब्ल्यू ११५ जाते आणि पूर्ण ५२ ची वेज ८७, तर शंभर यार्डांवरून काय मारणार? पाऊण स्विंग. आणि वीस हँडिकॅपच्या खेळाडूचा सगळ्यात बेभरवशाचा फटका तोच असतो: बॅकस्विंग आखडता होतो, मग खाली येताना हात मंदावतात आणि क्लब बॉलच्या आधी जमिनीत घुसतो.

तेव्हा जी४३० घ्यायचा तर ४५.५ आणि ५० या दोन्ही वेज त्याच सेटच्या, त्याच शाफ्टच्या, एकाच वेळी घ्या. नंतर सुटी वेज शोधताना तीच लाय (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन), तोच शाफ्ट, तोच फ्लेक्स (शाफ्टची लवचीकता) जुळवायचा म्हणजे डोक्याला ताप, आणि वापरलेल्या मालात तर जवळपास नशिबाचाच खेळ. ५४ आणि ५८ मात्र सेटमधलीच हवी असं नाही. बंकर आणि ग्रीनलगतच्या फटक्यांना वेगळ्या बनावटीची, अरुंद सोलची वेज अनेकांना सोपी जाते.

आता चौदा क्लबांची मर्यादा. जी४२५ ची बॅग अशी बसते: ड्रायव्हर, तीन नंबरचं एक वूड, १९ आणि २२ अंशांची दोन हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधले क्लब), पाच ते नऊ नंबरची आयर्न, पीडब्ल्यू, ४९.५, ५४, ५८ आणि पटर. बरोबर चौदा. जी४३० मध्ये याच यादीत ४५.५ ची भर पडते आणि संख्या पंधरा होते. एक क्लब काढावाच लागतो. गंमत अशी की तो आपोआप सुचतो. जी४३० चं पाच नंबरचं आयर्न इतकं ताठ (कमी लॉफ्टचं) आहे की ते २२ अंशांच्या हायब्रिडच्या अंगावर येतं. दोन्ही बाळगण्यात अर्थ नाही, आणि हँडिकॅप पंधराच्या वर असेल तर हायब्रिड ठेवा. चार आयर्नचा तर विचारच नको. जी४३० मध्ये ते १९ अंशांचं आहे, आणि तेवढ्या लॉफ्टवर आयर्नने बॉल उंच न्यायला जो वेग लागतो तो या गटातल्या खेळाडूकडे सहसा नसतो. म्हणजे जी४३० घेणाऱ्याने सेट सहापासून मागितला तरी चालेल. पाच आयर्नचे पैसे ४५.५ च्या वेजकडे वळवता येतात. जी४२५ मध्ये पाच आयर्न ठेवण्यासारखं आहे.

बॉल जास्त जातो तो कशामुळे, हेही समजून घ्यायला हवं, कारण सगळं श्रेय लॉफ्टला देणं जी४३० वर अन्याय होईल. त्याचा फेस (बॉलला लागणारी बाजू) पातळ आहे, गुरुत्वमध्य खाली आणला आहे, आणि मागच्या प्युअरफ्लेक्स बॅजला सात लवचिक भाग पाडल्यामुळे फेसला वाकायला जास्त मोकळीक मिळते. याचा फायदा फेसच्या खालच्या भागात लागलेल्या फटक्यांना सगळ्यात जास्त होतो. ज्यांचा बॉल नेहमी दुसऱ्या-तिसऱ्या खाचेवर लागतो, म्हणजे जे बॉल पातळ मारतात, त्यांना जी४३० मध्ये खरोखर काहीतरी मिळतं: जो बॉल ग्रीनच्या पंधरा यार्ड आधी पडायचा तो निदान ग्रीनच्या तोंडाशी पोचतो. फेसच्या मध्यावर मारणाऱ्याला मात्र फरक प्रामुख्याने लॉफ्टचाच दिसेल. टो-कडे चुकलेल्या फटक्यांना दोन्ही सेट सारखीच माफी देतात. आवाजात जी४३० दबका आणि भरीव, जी४२५ थोडा टणक. ही आवडनिवड झाली. तिच्यावर पैसे घालू नका.

लॉफ्ट कमी आणि गुरुत्वमध्य खाली, की बॉल उंच तर जातो पण फिरकी घटते. लॉन्च मॉनिटरवर (बॉलचं उड्डाण मोजणाऱ्या यंत्रावर) एकूण अंतर बघायचं नसतं ते याचसाठी. तीन आकडे बघा: कॅरी (बॉल हवेतून कापतो ते अंतर), स्पिन (फिरकी) आणि बॉल उतरण्याचा कोन. सेव्हन आयर्नचा बॉल ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून उभा उतरत असेल तर तो ग्रीनवर थांबेल. चाळिशीच्या खाली गेला तर एप्रिल-मेच्या कडक ग्रीनवर तो मागच्या बाजूने उतरून जाणार, आणि वाढलेल्या दहा यार्डांचा उपयोग पलीकडच्या बंकरपुरता. स्विंग सावकाश असणाऱ्यांनी, यात साठी ओलांडलेले बरेच जण आले, हा आकडा आवर्जून तपासावा. अशा हातात जी४२५ चा जास्तीचा लॉफ्ट बॉल उंच ठेवतो आणि ग्रीनवर आवरतो. चाचणीला स्वतःचा बॉल न्या, रेंजचे झिजलेले बॉल स्पिनचे आकडे बिघडवतात. पुण्यात मोजलेले आकडे मुंबईत तसेच्या तसे लागू होत नाहीत. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, दीडशे यार्डांच्या फटक्याला तीनेक यार्डांचा फरक पडतो.

चाचणी कशी करायची? दोन्ही सेटांची सेव्हन आयर्न आणि पीडब्ल्यू, आणि स्वतःच्या बॅगेतली ५० किंवा ५२ ची वेज. प्रत्येक क्लबने दहा बॉल. सगळ्यात चांगले दोन आणि सगळ्यात वाईट दोन सोडून द्या, उरलेल्या सहांची कॅरी काढा. मग दुसरी बेरीज: पीडब्ल्यू आणि स्वतःच्या वेजमध्ये किती अंतर पडतं? पंधरा यार्डांच्या आत असेल तर मधली वेज विकत घेऊ नका. वीसच्या वर गेलं तर मधली वेज धरूनच दोन सेटांच्या किमतींची तुलना करा. जी४३० ची किंमत त्या एका क्लबाने वाढते, आणि जाहिरातीत ती दिसत नाही.

सोलबद्दल थोडक्यात, कारण दोन्ही सेट इथे जवळपास सारखे. पावसाळ्यात हरळीखालची जमीन मऊ होते तेव्हा रुंद सोल बॉलच्या मागे पडलेला फटकाही सांभाळून घेतो. उन्हाळ्यात, जिथे गवत विरळ आणि खाली दगडासारखी माती, तिथे तोच सोल उसळतो आणि बॉलच्या पोटावर धार लागते. यावर उपाय क्लब बदलण्याचा नाही. अशा जागी बॉल एक बॉलभर मागे घ्या आणि वजन पुढच्या पायावर ठेवा.

लाय अँगल मात्र नुसता वाचून सोडू नका. पिंगचा रंगीत ठिपका हेडवर असतो: काळा म्हणजे प्रमाण, निळा म्हणजे थोडी उभी लाय, लाल म्हणजे थोडी पसरट. पण वापरलेल्या सेटमध्ये ठिपका काळा आणि हेड कोणीतरी दोन अंश वाकवलेलं, असंही निघतं. बॉलवर मार्करने जाड रेघ ओढा, ती उभी आणि क्लबकडे तोंड करून ठेवा, सेव्हन आयर्नने मारा. फेसवर उमटलेली रेघ खाचांना काटकोनात असेल तर लाय बरोबर. रेघेचं वरचं टोक टो-कडे झुकलं तर लाय तुम्हाला फार उभी आहे, आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल डावीकडे जाणार. हील-कडे (शाफ्टकडच्या बाजूला) झुकलं तर उलट. एकाच फटक्यावर निकाल लावू नका, पाच-सहा ठसे बघा. चुकलेली लाय पुढे वाकवून घेऊ असं म्हणत सेट घेणं धोक्याचं, कारण १७-४ स्टील कठीण असतं, चार अंश वाकवायला गेलं तर होझलला (शाफ्ट बसतो त्या हेडच्या नळीला) तडा जाऊ शकतो. एक-दोन अंशांपर्यंत, आणि तेही वाकवण्याचं यंत्र असलेल्या माणसाकडूनच. लॉफ्ट वाकवायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट: जी४३० ची पीडब्ल्यू एक अंशाने सैल केली (लॉफ्ट वाढवला) की बाउन्सही (सोलचा जमिनीशी होणारा कोन) एक अंशाने वाढतो.

शाफ्ट दोन्ही सेटांत एडब्ल्यूटी २.० हा स्टीलचा मिळतो. त्याचं वजन लांब आयर्नमध्ये कमी आणि छोट्या आयर्नमध्ये जास्त असतं. त्यामुळे सेटमधला एखादा शाफ्ट वेगळ्या कंपनीचा बदललेला असेल तर वजनाची ही चढण मोडते आणि तो एकच क्लब हातात परका वाटतो. ग्रॅफाइटमध्ये जी४२५ ला आल्टा सीबी स्लेट, जी४३० ला आल्टा सीबी ब्लॅक. दोन्ही ग्रिपच्या बाजूला वजन ठेवलेले. कोपर दुखत असेल तर ग्रॅफाइटच घ्या.

वापरलेला सेट हातात आला की आधी होझलवरचे सिरीयल नंबर बघा. सगळ्या क्लबांवर एकच नंबर हवा. त्या नंबरवरून तो सेट मुळात कोणत्या लांबीचा, कोणत्या लायचा आणि कोणत्या शाफ्टचा निघाला होता ते पिंगकडून कळू शकतं. एखाद्या क्लबचा नंबर वेगळा असेल तर तो नंतर जोडलेला आहे. मग सगळे क्लब भिंतीला टेकवून ओळीत उभे करा. ग्रिपची टोकं साधारण अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या पायऱ्यांनी उतरली पाहिजेत. प्रत्येक हेड कानाजवळ हलवा. आतून खडखड आली तर शाफ्टमध्ये सुटलेला डिंकाचा तुकडा असू शकतो. निरुपद्रवी असतो, पण किंमत पाडायला पुरेसा. होझलच्या वरच्या काळ्या फेरूलमध्ये (शाफ्टभोवतीच्या कड्यात) फट दिसली तर शाफ्ट कधीतरी काढून पुन्हा बसवलेला आहे. नखाने नऊ नंबरच्या आयर्नच्या आणि पीडब्ल्यूच्या खाचा चाचपा, सगळ्यात आधी झिजतात त्या याच. समुद्रकाठच्या गावात वापरलेल्या स्टीलच्या शाफ्टवर ग्रिपच्या अगदी खाली आणि फेरूलच्या वर बारीक तांबडे ठिपके शोधा. ओल्या कापडाने पुसून जात असतील तर ठीक, नखाला खड्डा लागला तर तो शाफ्ट बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करा.