शेअर्ड होस्टिंग, व्हीपीएस की स्टॅटिक साइट?

होस्टिंगचे प्लॅन तुलनेला घेतले की डोळे आधी डिस्क, रॅम आणि बँडविड्थच्या रकान्यांकडे जातात. लहान-मध्यम साइटसाठी मी ते रकाने शेवटी बघतो. आधी विचारायचं ते हे: साइट मध्यरात्री बंद पडली तर ती उठवणार कोण? स्टॅटिक साइटमध्ये (आधीच तयार केलेली पानं जशीच्या तशी देणारी साइट) बंद पडण्यासारखं फारसं काही नसतंच, शेअर्डमध्ये (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) कंपनीचा माणूस उठतो, आणि व्हीपीएस (सर्व्हरचा तुमच्यापुरता वेगळा भाग, सांभाळायचाही तुम्हीच) घेतला असेल तर तुम्ही.

स्टॅटिकपासून सुरुवात करू, कारण ते तुम्हाला जमत असेल तर बाकीचं वाचायची गरजच नाही. ह्यूगो किंवा जेकिलसारखं साधन घ्यायचं, मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा घालून) लेख लिहायचे, गिटवर (फायलींचे बदल नोंदवणारं साधन) पुश करायचं. तयार एचटीएमएल गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर जाऊन बसतं. सर्व्हरवर पीएचपी (दर भेटीला पान तयार करणारी भाषा) नाही, डेटाबेस नाही, म्हणजे हल्लेखोरालाही शिरायला जागा कमी. शिवाय फायली सीडीएनवरून, म्हणजे जगभर पसरलेल्या सर्व्हरांपैकी जवळच्यावरून जातात, आणि वेगात हाच मोठा फरक पडतो. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. वाचक सर्व्हरपासून 10 हजार किलोमीटरवर असेल तर नुसत्या जाण्यायेण्याला 100 मिलिसेकंद लागतात. टीसीपी आणि टीएलएसचे हँडशेक (जोडणी आणि एन्क्रिप्शन ठरवायची देवाणघेवाण) धरले तर पहिला बाइट हाती येईपर्यंत अशा तीन फेऱ्या होतात. इथे सर्व्हरमध्ये कितीही दमदार प्रोसेसर टाकला तरी उपयोग नाही. फाइलच वाचकाच्या जवळ न्यावी लागते.

मर्यादा आहेतच. गिटहब पेजेसवर साइटचा आकार 1 जीबीपर्यंत, महिन्याला 100 जीबी ट्रॅफिकची सॉफ्ट लिमिट, आणि ऑनलाइन दुकान चालवायला परवानगी नाही. कॉमेंट, फॉर्म यांसाठी बाहेरची सेवा जोडावी लागते. पण खरी अडचण वेगळीच असते. तुमच्याखेरीज आणखी कोणी लेख टाकणार असेल आणि त्या व्यक्तीला गिट म्हणजे काय हे माहीत नसेल, तर प्रत्येक शुद्धलेखनाच्या दुरुस्तीसाठी फोन तुम्हालाच येणार. अशा वेळी मी सरळ वर्डप्रेसकडे (ब्राउझरमधूनच लेख टाकता येतात असं साधन) वळायला सांगतो.

वर्डप्रेस म्हटलं की शेअर्ड होस्टिंग आलंच. सीपॅनेल (साइट सांभाळायचं वेब पॅनेल), एका क्लिकवर इन्स्टॉल, सोबत ईमेल. सुरुवातीला हे पुरेसं आहे, आणि ‘शेअर्ड म्हणजे रद्दी’ हा तंत्रज्ञानवेड्यांचा लाडका समज मला पटत नाही. फक्त ‘अनलिमिटेड’ या शब्दावर विसंबू नका. डिस्क अनलिमिटेड असली तरी अटींच्या पानावर आयनोडची मर्यादा लिहिलेली असते, म्हणजे एकूण फायलींची संख्या. कॅशच्या बारीक फायली आणि प्रत्येक फोटोच्या पाच-सहा आकारांतल्या प्रती यांनी ती हां हां म्हणता भरते. दुसरी मर्यादा सीपीयू आणि एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसची. क्लाउडलिनक्स (शेअर्ड होस्टिंगसाठीची सर्व्हर प्रणाली) वापरणाऱ्या होस्टकडे प्रोसेसची मर्यादा ओलांडली की वाचकाला 508 क्रमांकाची एरर दिसते. म्हणून प्लॅन घेण्याआधी सपोर्टला हे दोन आकडे विचारा. उत्तर गोलमोल आलं तर तेही उत्तरच समजा.

508 दिसली म्हणून लगेच प्लॅन वाढवायची घाई मात्र नको. अनेकदा पेज कॅशिंग (एकदा तयार झालेलं पान साठवून तेच पुन्हा देणं) सुरू केल्यावर आणि वर्डप्रेसचं अंगभूत क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) बंद करून खरा क्रॉन जॉब लावल्यावर तेच खातं निवांत चालतं. अंगभूत क्रॉन पाहुण्यांच्या भेटींवर धावतं, त्यामुळे गर्दीच्या वेळीच नको ती कामं काढून बसतं.

किंमत बघताना पहिल्या वर्षाचा आकडा बाजूला ठेवा आणि नूतनीकरणाचा बघा. दोन्हींत कधीकधी दुप्पट-तिप्पट फरक असतो. एसएसएलचे (एचटीटीपीएससाठी लागणारं प्रमाणपत्र) वेगळे पैसे मागणारा होस्ट साध्या साइटसाठी सोडून द्या. लेट्स एन्क्रिप्ट 2015 पासून प्रमाणपत्रं फुकट देतं आहे.

व्हीपीएसची बाजू कधी जड होते? नोडचं अ‍ॅप, सतत चालणारा क्यू वर्कर (रांगेतली कामं मागे उरकणारा प्रोग्रॅम), रेडिस (मेमरीत चालणारा डेटाबेस), स्वतःचं गिट सर्व्हर, असं काही चालवायचं असेल तेव्हा. किंवा लिनक्स शिकायचंच असेल तेव्हा. हेही कारण पुरेसं आहे. निव्वळ ‘वर्डप्रेस फास्ट होईल’ म्हणून घेणार असाल तर जरा थांबा. 1 जीबी रॅमच्या मशीनवर मायएसक्यूएल (डेटाबेस) आणि पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारा प्रोग्रॅम) दोन्ही डीफॉल्ट सेटिंगवर सोडले, आणि नेमक्या गर्दीच्या वेळी मेमरी संपली, की कर्नलचा ओओएम किलर (मेमरी संपली की एखादा प्रोग्रॅम बंद पाडणारी लिनक्सची यंत्रणा) बहुधा मायएसक्यूएलचाच बळी घेतो. पानावर डेटाबेस कनेक्शनची एरर झळकते, आणि शेअर्डवर आपण बरे होतो असं वाटायला लागतं.

मशीन सुरू होताच एसएसएचवर (दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायचा मार्ग) बॉट्सचे पासवर्ड ठोकून बघणं सुरू होतं, लॉग उघडा म्हणजे दिसेल. त्यामुळे पहिल्याच दिवशी पासवर्ड लॉगिन बंद करून एसएसएच की (डिजिटल किल्ली) लावणं, फायरवॉल, आपोआप सुरक्षा अपडेट ही तीन कामं उरकायची. डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) एलटीएस, म्हणजे दीर्घ सपोर्टवाला घ्या, उबुंटू 24.04 ला 2029 पर्यंत पाच वर्षांचा नेहमीचा सपोर्ट आहे. स्वस्त व्हीपीएसवर ‘टॉप’ कमांडमधला ‘एसटी’ हा आकडा (तुमच्या वाट्याचा सीपीयू दुसऱ्यांकडे गेलेला वेळ) बघत राहा. तो सतत चढा असेल तर होस्टने एकाच मशीनवर फार गिऱ्हाइकं कोंबली आहेत. ईमेलचं सर्व्हर त्यावर उभारायच्या भानगडीत पडू नका. बरेच होस्ट पोर्ट 25 (मेल पाठवायचा मार्ग) बंद ठेवतात, आणि उघडं मिळालं तरी मेल अनेकदा स्पॅममध्ये जाते.

व्हीपीएसचे फायदे हवेत पण ही कामं नकोत, अशांसाठी मॅनेज्ड होस्टिंग आहे, म्हणजे सर्व्हर कंपनीच सांभाळते. धंदा साइटवर चालत असेल तर त्याला दिलेले पैसे सत्कारणी लागतात. हौसेच्या साइटला ते जड जातात.

बॅकअपच्या बाबतीत मात्र तिन्हींना नियम एकच: प्रत दुसऱ्या कंपनीकडे हवी. 10 मार्च 2021 ला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांची बॅकअपची प्रतही तिथेच होती, त्यांचं दोन्ही गेलं. स्टॅटिकवाल्यांना हे सोपं, साइटची प्रत लॅपटॉपवर असतेच. बाकीच्यांनी डेटाबेसचा डम्प (पूर्ण प्रत) आणि अपलोड्सचा फोल्डर रोज बाहेर पाठवावा, आणि एकदा तरी तो रिकाम्या मशीनवर रिस्टोअर करून बघावा.

डोमेन होस्टकडून न घेता वेगळ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणारी कंपनी) ठेवलं तर यातला कुठलाही पर्याय पुढे बदलता येतो. हलवायच्या आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (डोमेनचा जुना पत्ता इतर सर्व्हरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो काळ) 300 सेकंदांवर आणा, आणि नवी साइट नीट दिसू लागली तरी जुनं खातं आठवडाभर चालू ठेवा. त्या काळात काही मेल जुन्याच मेलबॉक्समध्ये पडतात.