दोघांचं एलडीएल सारखंच, मग एपोबी कुणी करावी?

कोलेस्टेरॉल तपासणीचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून बघा. पहिल्यात एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ६०, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १२५. दुसऱ्यातही एकूण १९०च, पण एचडीएल ३५ आणि ट्रायग्लिसराइड २५०. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) दोघांचं १०५! लॅबची चूक नाही. एलडीएल बऱ्याचदा मोजत नाहीत; एकुणातून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून काढतात. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की हे गणित वापरायचं नाही.

आता नुसतं एचडीएल वजा करा. पहिल्याचे उरतात १३०, दुसऱ्याचे १५५. हे नॉन-एचडीएल. धमनीच्या भिंतीत शिरणारं बाकीचं कोलेस्टेरॉलही यात येतं. एलडीएलच्या उद्दिष्टात ३० मिळवले की याचं उद्दिष्ट मिळतं. वेगळं रक्त नको, उपाशी राहणं नको, फुकटात. नवी तपासणी लिहून घेण्याआधी ही वजाबाकी कराच.

मग एपोबी, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवरच्या एका प्रथिनाची तपासणी, कशाला? नॉन-एचडीएलवरून माल किती ते कळतं, एपोबीवरून गाड्या किती. गाड्या म्हणजे हे कण; धमनीच्या भिंतीत शिरणाऱ्या अशा प्रत्येक कणावर एपोबीचा एकच रेणू असतो, त्यामुळे कणच मोजल्यासारखं होतं. ट्रायग्लिसराइड जास्त असेल, मधुमेह असेल, पोट सुटलेलं असेल, तर कण लहान आणि संख्येने जास्त असू शकतात. एलडीएल ठीकठाक दिसतं, एपोबी चढलेली निघते. म्हणून दुसऱ्या रिपोर्टवाल्याने ती करावी. पहिल्याचं तिच्यावाचून फारसं अडत नाही. (एचडीएल ६० आहे म्हणून त्याने निर्धास्त मात्र होऊ नये. औषधांनी एचडीएल वाढवून पाहिलं, हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत.)

दोघांपैकी कुणाच्याही वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत झटका आला असेल, तर माझं मत आधी लिपोप्रोटीन-एला (एलडीएलसारखाच रक्तातला एक कण). ते मुख्यतः आनुवंशिक, आहाराने फारसं हलत नाही, त्यामुळे बहुतेकांना आयुष्यात एकदा पुरतं. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅम किंवा लिटरला १२५ नॅनोमोलच्या वर गेलं तर जास्त. एकक नीट वाचा, कारण एकातून दुसऱ्यात नेमकं रूपांतर होत नाही.

एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) मी शेवटी ठेवेन. ३च्या वर जास्त धरतात खरं, पण साध्या तापानेही ते उसळतं. १०च्या वर आलं तर हृदयाची चिंता करण्याआधी दुखणं बरं होऊ द्या आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा करा.