प्रवेशाच्या शक्यतेचा अंदाज: सात रस्त्याजवळील मार्गदर्शन केंद्राचा अनुभव

भाचीला मुंबई आयआयटीत संगणक शाखा मिळेल का, हे विचारण्यासाठी आम्ही सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका प्रवेश मार्गदर्शन केंद्रात गेलो होतो. तिथल्या मॅडमनी कोणतेही आश्वासन न देता थेट जोसाचे (आयआयटी, एनआयटी यांच्या जागावाटपाची संयुक्त यंत्रणा) मागील वर्षांचे, कोणत्या प्रवेश-परीक्षा क्रमांकापर्यंत जागा मिळाली हे दाखवणारे फेरीनिहाय क्रमांक पडद्यावर उघडले. खुल्या गटातील सर्वांसाठीच्या जागा पहिल्या शंभर क्रमांकांच्या आतच संपतात हे त्यांनी ओळीवर बोट ठेवून दाखवले आणि मुलींसाठी २०१८ पासून वाढवलेल्या जागांचा तक्ता वेगळा वाचावा लागतो, हेही समजावले. आयआयटीत राज्याचा कोटा नसतो, एनआयटीत (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत) मात्र निम्म्या जागा गृहराज्यासाठी असतात, हा फरक कितीतरी पालकांच्या ध्यानात येत नाही. हवी ती शाखा पसंतीक्रमात वरच ठेवा, हा त्यांचा सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण वरची पसंती हुकली म्हणून खालच्या पसंतीवरचा हक्क जात नाही.

खटकली ती त्यांनी दिलेल्या छापील अहवालातील प्रवेशाच्या शक्यतेची टक्केवारी. ती कशावरून काढली, याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. तो आकडा बाजूला ठेवून केवळ तक्ते समजून घेण्यासाठी इथे अवश्य जावे, आणि प्रवेशासाठीची बारावीतील ७५ टक्के गुणांची अट तपासून घेता यावी म्हणून बारावीचे गुणपत्रक सोबत न्यावे.